साफ केलेला कॉम्प्युटर महिन्याभरात पुन्हा तापतो? धूळ कुठून शिरते ते आधी शोधा

कॉम्प्युटर चालू होतो, टॅली उघडते, चार-पाच बिलं निघतात आणि मग पंख्याचा आवाज चढायला लागतो. माउस अडखळतो, ई-वे बिलाचं पान उघडता उघडत नाही आणि थोड्या वेळानं मशीन आपोआप बंद पडतं. मग कुणाला तरी बोलावतात. तो कॅबिनेट उघडून ब्लोअर मारतो, धुळीचा लोट उठतो, पुढचे काही आठवडे सगळं ठीक चालतं. आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

मी इचलकरंजीत यंत्रमाग कारखान्यांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतो. इथे ही तक्रार बारा महिने असते. माझं सांगणं एवढंच आहे की नुसत्या साफसफाईनं हे दुखणं जात नाही. कॅबिनेट हवा कुठून ओढतं, हे बदलावं लागतं. ते एकदा बदललं की कॅबिनेट उघडायची वेळ फार क्वचित येते.

आपली धूळ वेगळी आहे

शहरातल्या फ्लॅटमधल्या कॉम्प्युटरवर जी धूळ बसते ती बहुतेक मातीची, कपड्यांच्या तंतूंची असते. मागाजवळच्या ऑफिसात येते ती सुताची. कापसाचा तंतू जाडीला साधारण १२ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण लांबीला काही मिलिमीटर. प्रोसेसरची उष्णता ओढून घ्यायला त्याच्यावर पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा बसवलेला असतो, तो हीटसिंक. त्याच्या पात्यांमधली फट असते जेमतेम २ मिलिमीटर. एक तंतू त्या फटीवर आडवा अडकला की त्याला दुसरा अडकतो, दुसऱ्याला तिसरा, आणि बघता बघता पंखा आणि हीटसिंक यांच्यामध्ये घोंगडीचा तुकडा टाकल्यासारखा थर तयार होतो. पंखा फिरत असतो, आवाज येत असतो, पण हवा हीटसिंकच्या पात्यांपर्यंत पोचतच नाही. वरून बघितलं तर पंख्याची पाती दिसतात, थर दिसत नाही, कारण तो पंख्याच्या खाली असतो. म्हणून "पंखा तर स्वच्छ आहे" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो.

यात भर पडते ती सायझिंगची, म्हणजे सुताला खळ लावण्याची. बीमच्या ताण्याला (मागावरच्या रुळावर गुंडाळलेल्या उभ्या सुताला) लावलेली ही खळ माग चालताना घासून उडते. ती पिठासारखी बारीक असते आणि ओलावा धरते. सूत तुटू नये म्हणून सुती मागाच्या शेडमध्ये हवा मुद्दाम दमट ठेवतात, ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास. त्या दमट हवेत खळ आणि तंतू मिळून पात्यांवर चिकटा बसतो. तो ब्लोअरनं निघत नाही. वरचा मऊ कापूस उडून जातो, लोट बघून साफ झाल्याचं समाधान होतं, पण खालचा चिकटा तसाच राहतो आणि नवा तंतू त्याला लगेच धरतो. महिन्याभरात दुखणं परत येण्याचं हे एक कारण. दुसरं, आणि मोठं, पुढे येतंच आहे.

खरंच धूळच आहे का?

आधी एवढी खात्री करा. मशीन चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) जा आणि हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडा. तिथे प्रोसेसरचं तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरवर विसंबू नका, तिथे ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसू शकतं, पण प्रोसेसरचं दिसत नाही. विंडोज चालू असताना बघायचं असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम चांगला आहे.

आकडा वाचताना बहुतेकांची एक गफलत होते. डिसेंबरातल्या सकाळी ५५ अंश दिसले आणि एप्रिलच्या दुपारी ६८ दिसले म्हणजे धूळ साठली, असं नाही. खोलीच तेवढी तापलेली असते. खोलीचं तापमान वजा करा. उरलेला फरक हा खरा आकडा. कॉम्प्युटर नीट साफ झाला त्या दिवशी, नेहमीचं काम अर्धा तास करून, हा फरक वहीत लिहून ठेवा. पुढे त्याच कामाला फरक दहा-बारा अंशांनी वाढला, तर हवा अडली आहे असं समजा. बऱ्याच इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, म्हणून टॅली रखडते. तरी तापमान थांबलं नाही तर मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं.

आता तापमान जास्त आहे आणि कॅबिनेट उघडलेलं आहे. मशीन बंद करा, वायर काढा आणि लगेच हीटसिंकच्या बुडाला जपून बोट लावा. बूड चांगलं गरम असेल तर उष्णता प्रोसेसरमधून वर आली आहे, फक्त हवेनं ती वाहून नेली नाही. म्हणजे धूळ. पण स्क्रीनवर ९५ अंश दिसत होते आणि हीटसिंक जेमतेम कोमट आहे, तर उष्णता वर चढतच नाही. तिथे थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता पोचवणारा लेप) वाळलेली असते, नाहीतर हीटसिंकच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एखादी सुटलेली असते. अशा मशीनवर कितीही ब्लोअर मारला तरी उपयोग होणार नाही. ब्लोअरच्या धक्क्यानंच पिन सैल झालेली मी पाहिली आहे, म्हणून साफ केल्यावर चारही पिना दाबून बघायची सवय ठेवा.

आणि काम करताना नव्हे, तर एखादा जड मशीन शेजारी सुरू होताना कॉम्प्युटर बंद पडत असेल, तर ते व्होल्टेजचं दुखणं आहे. त्याला यूपीएस बघा, धुळीच्या मागे लागू नका.

उदबत्ती लावून बघा

बाजारात असेंबल करून मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त कॅबिनेटमध्ये एकच पंखा असतो, मागच्या बाजूला, हवा बाहेर फेकणारा. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, वर बसवलेला असतो आणि त्याचा पंखाही आतलीच हवा ओढून मागे फेकतो. म्हणजे हवा बाहेर टाकणारे दोन, आत घेणारा एकही नाही. पण जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यावीच लागते. ती येते वाट मिळेल तिथून: डीव्हीडीच्या झाकणाच्या कडेनं, यूएसबीच्या फटीतून, बाजूच्या पत्र्याच्या छिद्रांतून, मागे कार्डाच्या जागी पट्टी नसलेल्या भोकातून. यातल्या एकाही वाटेला जाळी नसते. ऑफिसातली सगळी हवा अशी हळूहळू कॅबिनेटमधून जाते आणि तिच्यातलं सूत आत राहतं. मोठं कारण ते हेच.

डोळ्यांनी बघायचं असेल तर माग बंद असताना, खोलीतला पंखा बंद करून, कॅबिनेटचा पत्रा लावून मशीन चालू करा. उदबत्ती पेटवा आणि एकेका फटीपासून दोन बोटं अंतरावर धरा. धूर आत ओढला गेला तर धूळ तिथूनच येते. धूर बाहेर ढकलला गेला तर ती फट निर्धोक आहे. हे मालकाला समोर उभं करून दाखवा. डीव्हीडीच्या झाकणाच्या केसाएवढ्या फटीत धुराची सरळ रेघ शिरताना दिसली की नवीन पंख्याचे पैसे कशाला, हा प्रश्न येत नाही. सगळीकडे कापूस पसरलेला असेल तर उदबत्ती पेटवू नका. टिश्यू पेपरची बारीक पट्टी दोऱ्याला बांधून फटीजवळ धरली तरी तेवढंच कळतं.

वाऱ्याची दिशा उलटवणं

काम सोपं आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त हवी, आणि ती फक्त जाळीतूनच यायला हवी. मग आतला दाब थोडा जास्त राहतो आणि प्रत्येक फटीतून हवा बाहेर येते. फटीतून बाहेर येणाऱ्या हवेच्या उलट दिशेनं तंतू आत जात नाही.

पुढच्या बाजूला १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसवा, हवा आत घेणारे. जागा एकाचीच असेल तर एक. दिशा ओळखायची खूण अशी, की पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्यांची चौकट आणि स्टिकर असतो, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. म्हणजे पुढच्या पंख्याचा स्टिकर कॅबिनेटच्या आतल्या अंगाला यायला हवा. हे उलटं बसवलेलं बरंच सापडतं. मागचा पंखा ठेवायचा, पण बायोसमधून त्याचा वेग पुढच्यांपेक्षा कमी करायचा. एसएमपीएस वर असलेलं जुनं कॅबिनेट असेल आणि पुढे एकच पंखा बसत असेल, तर मागचा पंखा मी सरळ काढून टाकतो आणि ती जागा बंद करतो. बिलं आणि जमाखर्चाच्या कामाला गरम हवा बाहेर टाकायला एसएमपीएसचा पंखा पुरतो. ग्राफिक्स कार्ड लावून डिझाइनचं काम चालतं तिथे मात्र हे करू नका.

मग फटी. मागच्या रिकाम्या पट्ट्या बसवा, मदरबोर्डच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची चौकट नसेल तर मागवा. बाजूच्या पत्र्यावरची छिद्रं, डीव्हीडीच्या झाकणाच्या कडा आतून कापडी टेपनं बंद करा. साधी सेलोटेप उन्हाळ्यात गोंद सोडते आणि सुटून पंख्यात जाते. अॅल्युमिनियमची चंदेरी टेप कॅबिनेटच्या आत अजिबात नको, ती वीज वाहून नेते आणि सुटून बोर्डावर पडली तर बोर्ड जातो.

आता जाळी. इथे घाई करू नका, सगळ्याचा निकाल इथेच लागतो.

लोक पंख्याच्या तोंडावर पंख्याएवढीच जाळी चिकटवतात. ती आमच्याकडे आठवड्यात भरते. जाळी भरली की पुढचा पंखा हवा घेऊ शकत नाही, मागचा फेकतच राहतो, आणि आतला दाब पुन्हा कमी होतो. म्हणजे पंखे दिसायला दोन आत आणि एक बाहेर, पण हवा परत फटींतून शिरायला लागलेली. जाळी बसवूनही धूळ येते अशी तक्रार असलेली बरीच कॅबिनेटं मी उघडली, त्यांत हेच घडलेलं होतं. जाळी चुकीची नव्हती, लहान होती आणि भरलेली होती.

म्हणून जाळी कॅबिनेटच्या पूर्ण पुढच्या तोंडाला लावा, पंख्यापासून शक्य तेवढी दूर, प्लॅस्टिकच्या पुढच्या झाकणाच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला. क्षेत्र चौपट झालं की जाळीतून जाणाऱ्या हवेचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. हवा सावकाश जाते, अडथळा कमी होतो, तंतू जाळीत रुतून न बसता वरच राहतात. तोच पंखा, तीच जाळी, पण साफ करायची पाळी कितीतरी उशिरा येते. जाळी कोणती? बारीक विणीची नायलॉनची. खिडकीच्या डासांच्या जाळीची भोकं मिलिमीटरभर असतात, तीही लांब तंतू अडवते, म्हणून काहीच नसण्यापेक्षा ती बरी. पण खळीची पूड तिच्यातून आत जाते. दोन थर लावले तर बरंच काम होतं. कडेला चुंबकाची पट्टी असलेली तयार जाळी मिळते, ती कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटते आणि काढायला एक हात पुरतो. महाग वाटली तरी ती घ्या, कारण जाळी काढायला स्क्रूड्रायव्हर लागत असेल तर ती कुणीही साफ करत नाही. दिवाणजींना काउंटरवरून न उठता ती काढून झटकता आली पाहिजे.

फोमचे जाड तुकडे मात्र लावू नका. ते हवाच अडवतात आणि काही वर्षांनी चुरा होऊन आत पडतात.

अगदी बारीक धूळ या जाळीतून जाणारच. ती जाऊ द्या. हीटसिंक बंद पाडतो तो तंतू. तंतू आत गेला नाही तर बारीक धुळीला अडकायला आधार राहत नाही, ती बरीचशी हवेबरोबर बाहेर निघून जाते.

बदल केल्यावर पुन्हा उदबत्ती फिरवा. प्रत्येक फटीपाशी धूर बाहेर ढकलला गेला पाहिजे. एखाद्या ठिकाणी अजून आत जात असेल तर मागच्या पंख्याचा वेग आणखी उतरवा.

आधीच बसलेला चिकटा कसा काढायचा

खळीचा थर बसलेला हीटसिंक जागेवर साफ होत नाही. तो काढावाच लागतो. मशीन थोडा वेळ चालवून गरम असतानाच बंद करा, म्हणजे पेस्ट मऊ असते. काही एएमडी प्रोसेसर वाळलेल्या पेस्टला चिकटून हीटसिंकबरोबरच सॉकेटमधून उपटून येतात आणि पिना वाकतात. म्हणून सरळ वर ओढू नका, आधी हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवा, सुटल्यावर उचला.

पंखा हीटसिंकपासून वेगळा करा. बुडाची पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मग नुसतं धातूचं धूड कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं धुवा, जुन्या टूथब्रशनं पात्यांच्या फटी घासा. खळ पाण्यात सुटते, अल्कोहोलमध्ये नाही, म्हणून इथे पाणीच हवं. पाण्याचा रंग दुधाळ होतो, त्यावरून किती खळ बसली होती ते कळतं. धुतल्यावर चांगला झटका आणि रात्रभर वाळू द्या. पात्यांच्या मुळाशी पाणी राहतं, तिथे कागदाचं टोक घालून बघा. पंख्याला पाणी लावायचं नाही, ओलसर कापडानं पाती पुसायची. बसवताना प्रोसेसरवर वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावा, जुन्यावर बसवू नका.

रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर घासायची पद्धत सगळीकडे आहे. मशीन चालू होतं हे खरं, पण दर वेळी घासून सोन्याचा पातळ थर झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. अल्कोहोल लावलेलं कापड तेच काम करतं.

एसएमपीएस उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये झटका बसण्याएवढी वीज काही वेळ राहते. बाहेरच्या जाळीतून हवा मारून जेवढं निघेल तेवढंच काढा. पंखा अडकत असेल किंवा जळका वास येत असेल तर एसएमपीएस बदला.

कारखान्याचा कंप्रेसर वापरू नका

ही सूचना मी प्रत्येक कारखान्यात करतो, कारण मागावरचं सूत उडवायला जॉबरच्या (मागांची देखभाल करणाऱ्या कारागिराच्या) हाताशी कंप्रेसरची नळी असते आणि मशीन साफ करायला तीच सोपी वाटते. त्या हवेला सहा-सात बारचा दाब असतो. दमट हवा दाबली की टाकीत पाणी जमतं, ते नळीतून थेंबांनी बाहेर येतं, बरोबर कंप्रेसरचं तेल. हे पाणी-तेल बोर्डावरच्या धुळीत मिसळून चिप्सच्या पायांमध्ये बसतं. मशीन त्याच दिवशी बिघडत नाही. पावसाळ्यात अचानक चालू होईनासं होतं आणि तोवर कंप्रेसरचा कुणाला संशयही येत नाही. हातात धरायचा साधा विजेचा ब्लोअर वापरा, एक वीत अंतरावरून, आणि प्रत्येक पंख्याचं पातं बोटानं धरून. मोकळा सोडलेला पंखा ब्लोअरच्या हवेनं त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जोरात फिरतो, त्यात बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडावर स्थिर वीज साठते.

माग साफ करायच्या दिवशी शेडमध्ये जेवढं सूत उडतं तेवढं एरवी आठवडाभरात उडत नसेल. त्या वेळी कॉम्प्युटर बंद करा आणि वर जाड कापड टाका. सूत खाली बसल्यावर कापड उचलून बाहेर नेऊन झटका, जाळी झटका, मगच मशीन चालू करा. चालू मशीनवर कापड कधीही नको.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. पायांनी आणि झाडूनं उडालेलं सूत जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत सगळ्यात दाट असतं. टेबलावर किंवा भिंतीवरच्या फळीवर ठेवा, मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, आणि पुढचं तोंड शेडच्या दारापासून दुसरीकडे वळवून. ऑफिसच्या दाराखालची फट रबराच्या पट्टीनं बंद केली तर जाळीवरचा भार निम्म्यानं कमी होतो असा माझा अनुभव आहे. एसी असेल तर त्याच्या फिल्टरवर बसलेलं सूत बघून कॉम्प्युटरच्या जाळीचा अंदाज येतो, दोन्ही एकाच दिवशी धुवा.

एवढं करूनही फरकाचा आकडा चढायला लागला, तर कॅबिनेट उघडण्याआधी पुढची जाळी काढून मशीन दहा मिनिटं चालवा. तापमान उतरलं तर जाळी भरली आहे, धुवून परत लावा. उतरलं नाही तर हीटसिंक काढायची वेळ आली आहे. आणि ज्यांचं टेबल थेट शेडमध्येच, मागांच्या रांगेत आहे, त्यांनी पुढचा कॉम्प्युटर घेताना बिनपंख्याचा छोटा पीसी घ्यावा. बिलं, टॅली आणि जीएसटीच्या कामाला त्याची ताकद पुरते. उष्णता त्याच्या धातूच्या पेटीतूनच बाहेर जाते, त्यामुळे पेटी वरून ओल्या कापडानं पुसत राहिलं की झालं.